आंबोली येथील हिरण्यकेशी : नदी, सूत्र आणि मत्स्य

सावंतवाडीहून बेळगांवाकडे जाणारी सडक सह्याद्रीचा माथा जेथें गांठते तेथें आंबोली हें गांव आहे. पावसाळ्यांत धबधबे आणि रानांतील जीवजंतु पाहण्यासाठीं तेथें मंडळींची रीघ लागते. परंतु जुन्या पोथ्या व कागद धुंडाळणाऱ्या माणसानें तेथें, आणि तेंहि ऐन आषाढांत, कां जावें असा प्रश्न या त्रैमासिकाच्या वाचकांस पडणें साहजिक आहे. माझ्यापुरतें त्याचें उत्तर एका नांवांत आहे. तें नांव हिरण्यकेशी. मुंज झाल्या दिवसापासून गोत्रप्रवरांमागून ज्या सूत्राचा उच्चार मी करीत आलों त्याचें हें नांव. आंबोलीस उगम पावणाऱ्या नदीचेंहि हेंच, त्या उगमावरील देवीचेंहि हेंच, आणि २०२० सालापासून त्या उगमाच्या कुंडांत राहणाऱ्या एका लहानशा माशाचेंहि हेंच. या चौघांचें परस्परांशीं नातें काय, हें जागेवर जाऊन पाहावें म्हणून गेल्या आषाढांत मी आंबोलीस आठ दिवस राहिलों. त्यांतून जें निष्पन्न झालें तें येथें मांडतों.

आंबोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर, म्हणजे महाबळेश्वराच्या जेमतेम निम्मी आहे. असें असूनहि पावसाच्या बाबतींत ती महाबळेश्वरास हार जात नाहीं. वर्षाकांठीं सरासरीनें ७,००० मिलिमीटरांच्या आसपास, जुन्या मापानें २७५ इंच, पाऊस येथें पडतो, आणि त्यांतील बहुतेक सगळा ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पडून जातो. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे समुद्रावरून ओलावा घेऊन निघतात, कोंकणच्या सखल पट्टीवरून फारशा अडथळ्यावांचून सरकतात, आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून एकाएकीं वर चढतात. वर चढलेली हवा निवते, व निवलेल्या हवेस ओलावा धरवत नाहीं. म्हणून सगळा भार माथ्यावरच उतरतो. येथून साठ-सत्तर किलोमीटरांवर असलेल्या बेळगांवास वर्षाचा पाऊस १,३०० मिलिमीटरांच्या घरांत आहे, यावरून ही भिंत किती बारीक पण किती परिणामकारक आहे हें ध्यानीं येईल.

धबधब्यांचें वर्णन करण्याचा माझा अधिकार नाहीं व तो या लेखाचा विषयहि नव्हे. घाटाच्या सडकेवरच कोसळणारा मोठा प्रपात, अरुंद घळींत उडी घेणारा नांगरतासचा प्रपात, हे सर्वांस ठाऊक आहेत. कावळेसाद येथें मात्र मी दोन वेळां गेलों. तेथें कड्यावरून खालीं पडूं पाहणारें पाणी दरींतून उसळणाऱ्या वाऱ्याच्या झोतानें उलट वर उडतें व पाहणाऱ्याच्या अंगावर येतें. पाणी उताराकडे वाहतें हें सुद्धां सर्वत्र खरें नाहीं असें क्षणभर वाटून गेलें.

इतिहासाच्या दृष्टीनें हा प्रदेश म्हणजे मुख्यत्वें वाटांचा प्रदेश. वेंगुर्ल्याचें बंदर जुनें. डचांनीं तेथें १६३७ सालीं वखार घातली. बंदरावरचा माल घाटमाथ्यावर बेळगांवाकडे नेण्यास पूर्वीं दक्षिणेकडील रामघाट मोठा वाहता होता. एकोणिसाव्या शतकांत आंबोलीच्या घाटानें, ज्यास पायथ्याच्या गांवावरून पारपोली घाट असेंहि म्हणत, गाडीरस्ता झाला आणि रामघाट मागें पडला. याच सुमारास सावंतवाडी संस्थानच्या पोलिटिकल एजंटांची नजर आंबोलीवर गेली व थंड हवेचें ठिकाण म्हणून तिची मांडणी झाली; त्यांत कर्नल वेस्ट्रॉप यांचें नांव घेतलें जातें. आसपास महादेवगड, नारायणगड यांचे अवशेष आहेत. मनोहरगड थोडा आडवळणास असून १८४४-४५ च्या गडकऱ्यांच्या बंडांत तो गाजला. सावंतवाडी संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० सालीं निघालेला दहावा खंड रत्नागिरी व सावंतवाडी यांचा आहे, आणि या भागांत जाणाऱ्यानें तो आधीं चाळावा हें सांगणें नको. तूर्त आपणांस नदीकडे वळावयाचें आहे.

आंबोलीच्या माथ्यावरील सपाट सडे जांभ्या दगडाचे आहेत. जांभा सच्छिद्र, पडलेलें पाणी तो पिऊन घेतो. त्याखालीं चिकण मातीचा थर व काळा पाषाण लागला कीं मुरलेल्या पाण्याची वाट खुंटते, आणि जेथें उतार त्या सांध्यास छेदतो तेथें झरा फुटतो. झऱ्यानें मऊ माती वाहून जाऊन वर जांभ्याचें छत तसेंच राहतें. त्याची गुहा होते. हिरण्यकेशीचें उगमस्थान असेंच एका गुहेंत आहे. गुहेच्या तोंडाशीं देऊळ, पुढें कुंड, आणि देऊळ पार्वतीचें. तिचेंच येथील नांव हिरण्यकेशी. पाऊस बाहेर कितीहि थैमान घालीत असो, गुहेंतून येणारें पाणी निवळ व संथ होतें. पन्नास पावलांवर वाटेवरून वाहणारें पावसाचें पाणी मात्र जांभ्याच्या मातीनें पिंगट झालेलें. त्याच्या बटा दगडांवरून पसरत होत्या, आणि 'सोनेरी केसांची' हें नांव कोणास सुचलें असेल तर याच दिवसांत सुचलें असेल असें मनांत आलें. ही माझी कल्पना आहे, पुरावा नव्हे; म्हणून ती येथेंच सोडतों.

या नदीचें एक वैशिष्ट्य नकाशा पाहिल्यावांचून लक्षांत येत नाहीं. उगमापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेंत सुमारें चाळीस किलोमीटर. शेजारच्या कड्यावरून पडणारें पाणी एक-दोन दिवसांत त्याला मिळतें. हिरण्यकेशी मात्र त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. आजरें, गडहिंग्लज, संकेश्वर अशीं गांवें घेत घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेस, आणि कृष्णा पूर्वसमुद्रास. एका सड्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांमधलें अंतर शेवटीं अख्ख्या द्वीपकल्पाएवढें होतें. संकेश्वरास शंकराचार्यांचा मठ आहे हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. विद्येचीं ठाणीं नदीच्या कांठीं असणें आणि नदीचें नांव वैदिक वळणाचें असणें, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या कीं संशोधकाचें मन लगेच त्यांची गांठ मारूं पाहतें. माझेंहि तसेंच झालें.

आतां सूत्राकडे. हिरण्यकेशिसूत्र हें कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचें कल्पसूत्र. कर्त्याचें नांव सत्याषाढ हिरण्यकेशी. म्हणून त्यास सत्याषाढसूत्र असेंहि म्हणतात. एकंदर २९ प्रश्नांपैकीं १९ वा व २० वा हे गृह्याचे, २६ वा व २७ वा हे धर्माचे. बाकीच्यांत श्रौत, शुल्ब व पितृमेध. पुण्याच्या आनंदाश्रमानें हा ग्रंथ १९०७ ते १९३२ या काळांत दहा भागांत छापला. महादेवाची वैजयंती आणि गोपीनाथभट्टाची ज्योत्स्ना या टीका त्यांत आल्या आहेत. त्यापूर्वीं गृह्यसूत्र मातृदत्ताच्या टीकेंतील उताऱ्यांसह किर्स्टे यांनीं १८८९ सालीं व्हिएन्ना येथें छापलें होतें, व ओल्डेनबर्ग यांचें इंग्रजी भाषांतर १८९२ सालीं निघालें. धर्मसूत्राचा मजकूर आपस्तंबाच्या धर्मसूत्राशीं इतका जुळतो कीं ब्यूलर यांनीं आपस्तंबाचें संस्करण करतांना हिरण्यकेशीचे पाठभेद मुद्दाम नोंदविले. कोंकणांत या सूत्राचे अनुयायी पुष्कळ; चित्पावनांतील यजुर्वेदी प्रामुख्यानें याच सूत्राचे.

कोणत्या प्रदेशांत कोणती शाखा चालते हें सांगणारीं कांहीं वचनें चरणव्यूहावरील महिदासाच्या सोळाव्या शतकांतील टीकेंत महार्णवाच्या नांवानें आलीं आहेत. त्यांत हिरण्यकेशी शाखेचा प्रदेश सह्याद्रीपासून नैर्ऋत्येस समुद्राच्या बाजूस, परशुरामाच्या सन्निध, असा दिला आहे. आंबोली सह्याद्रीवर, समुद्र तिच्या नैर्ऋत्येस, नदी हिरण्यकेशी! एवढें वाचून मोह न पडेल असा व्युत्पत्तिप्रेमी विरळा. या मोहास आणखी एक खतपाणी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ७९ व्या सूक्ताच्या आरंभीं अग्नीस हिरण्यकेश असें विशेषण आहे. सर्वानुक्रमणीप्रमाणें त्या सूक्ताच्या पहिल्या तीन ऋचांची देवता अग्नि किंवा मध्यम अग्नि, म्हणजे अंतरिक्षांतील विजेचा अग्नि; आणि पुढचें वर्णन सगळें मेघांचें, गडगडाटाचें व वर्षावाचें. ती पहिली ऋचा तैत्तिरीय संहितेंतहि पावसासंबंधीं मंत्रांच्या सान्निध्यांत आली आहे. पर्जन्याचें माहेरघर असलेलें पठार, विजेच्या सोनेरी केसांचा अग्नि, त्याच शाखेचे लोक, आणि त्याच नांवाची नदी. पहिल्या रात्रीं उतरल्या जागीं बसून मीं हें सर्व एका वहींत लिहून काढलें, आणि लेख बहुतेक झालाच असें समजून निजलों. सकाळीं पाहतों तों ओलीनें वहीचीं पानें मऊ पडून शाई फुटलेली. त्या लिखाणाच्या योग्यतेस तें साजेसेंच झालें.

कारण तपासून पाहिलें कीं यांतील एकहि दुवा टिकत नाहीं. पहिली गोष्ट परशुरामाची. वचनांतील परशुराम म्हणजे चिपळूणजवळचें क्षेत्र, आणि तें आंबोलीच्या उत्तरेस सुमारें पावणेदोनशे किलोमीटरांवर आहे. दुसरें असें कीं, वचनकर्त्यास नद्यांचें वावडें नाहीं. लगतच्याच वचनांत आश्वलायनांचा प्रदेश सांगतांना तो तुंगा, कृष्णा व गोदा यांचीं नांवें घेतो. हिरण्यकेशीच्या वेळीं मात्र पर्वत, समुद्र व क्षेत्र यांवरच थांबतो. शाखेचें नांव नदीवरून पडलें असें त्यास वाटत असतें तर नदी सोडून क्षेत्राचा आधार त्यानें घेतला नसता. तिसरें, सूत्रकाराचे अनुयायी घाटाखालीं कोंकणांत नांदत होते, आणि नदी पाहिली तर घाटावर देशाकडे वाहते.

परंतु माझ्या मतें सर्वांत बळकट प्रमाण व्याकरणाचें आहे, आणि तें इतकें डोळ्यांसमोर असून माझ्या ध्यानीं यावयास तिसरा दिवस उजाडला. हे दोन शब्द मुळीं एकच नाहींत. सूत्रकाराचें नांव हिरण्यकेशिन्, इन्नन्त व पुल्लिंगी. प्रथमेच्या एकवचनीं त्याचें हिरण्यकेशी होतें, आणि समासांत पडतांच 'हिरण्यकेशिसूत्र' असा ऱ्हस्व इकार उघडा पडतो. नदीचें व देवीचें नांव बहुव्रीहि: सोन्यासारखे जिचे केस ती. केश हा शब्द शरीराच्या अवयवाचा वाचक असल्यामुळें पाणिनीच्या नियमाप्रमाणें स्त्रीलिंगीं विकल्पानें ङीष् लागतो आणि सुकेशी या शब्दाप्रमाणें हिरण्यकेशी असा दीर्घ ईकारान्त शब्द सिद्ध होतो. आचार्याच्या नांवावरून नदीस नांव द्यावयाचें असतें तर हिरण्यकेशिनी किंवा तद्धितानें हैरण्यकेशी असें कांहीं व्हावयास पाहिजे होतें. मराठींत दोन्हीं शब्द उतरतांना प्रथमेचेंच रूप घेऊन उतरले आणि जुळ्या भावंडांसारखे दिसूं लागले. संस्कृतांत ते एका घरचेहि नव्हेत.

नदीस संस्कृत नांव येणें हा प्रकार आपल्याकडे नवा नाहीं. महाबळेश्वराच्या पंचगंगांत कोयनेस ककुद्मती म्हणावयाचें, कृष्णा म्हणजे विष्णु व वेण्णा म्हणजे शिव असें लावावयाचें, हें माहात्म्यकारांचें काम प्रसिद्ध आहे. तेथें दिशा स्पष्ट दिसते: आधीं लोकांची नदी, मग पंडितांचें नांव, मग नांवाची कथा. देवीच्या नांवावरून ओळखिली जाणारी नदीहि याच जातीची. असो.

चौथ्या दिवशीं चौकुळच्या वाटेवर जें घडलें तें येथें सांगितलें पाहिजे, कारण त्यानें हा सगळा घोटाळा मला जितका स्वच्छ दाखविला तितका ग्रंथांनीं दाखविला नव्हता. न्यायशास्त्रांत उपमान या प्रमाणाचें उदाहरण म्हणून गवय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. गवय म्हणजे काय हें ठाऊक नसलेल्या नगरवाशास रानांत वावरणारा माणूस सांगतो कीं तो गाईसारखा असतो. पुढें रानांत गाईसारखें पण गाय नव्हे असें जनावर समोर आलें म्हणजे त्यास तें वाक्य आठवतें आणि याचेंच नांव गवय असें ज्ञान होतें. घरीं येणाऱ्या विद्यार्थ्यांस तर्कसंग्रह शिकवितांना हें उदाहरण मीं किती वेळां दिलें असेल याची मोजदाद नाहीं. गवा मात्र मीं कधीं पाहिला नव्हता. (गवय म्हणजे गवाच कीं दुसरें कांहीं याविषयीं मतभेद आहेत, पण आपला 'गवा' हा शब्द 'गवय' यावरूनच आला याविषयीं मला संशय नाहीं.) त्या दिवशीं धुकें इतकें दाट होतें कीं दहा पावलांपलीकडचें दिसेना. बरोबरच्या मुलानें एकदम माझा हात धरून मागें ओढलें. समोर वाटेंत एक प्रचंड काळी पाठ उभी होती. पाय गुडघ्यांपर्यंत पांढरे, जणूं मोजे घातलेले. शिंगें बुडाशीं रुंद व वर वळलेलीं. त्यानें एकदां आमच्याकडे पाहिलें, नाकपुड्यांतून श्वास टाकला, आणि सावकाश उतारास लागून धुक्यांत नाहींसा झाला. मुलगा हलक्या आवाजांत म्हणाला, "गवो." मला पुढें चालवेना. भय हें एक कारण, पण एकच नव्हे.

त्या जागीं उभ्या उभ्या उपमानाचा क्रम माझ्या मनांत फिरून गेला. येथें साम्य आहे तें वस्तूंचें, गाईचें आणि गवयाचें. आणि त्यावरून कळतें तें नांव. नैयायिक यास संज्ञा व संज्ञी यांच्या संबंधाचें ज्ञान म्हणतात. आम्ही नांवांच्या नादीं लागलेले लोक याच्या नेमकें उलट करतों. नांवांत साम्य दिसलें कीं त्यावरून वस्तूंचें नातें ठरवून मोकळे होतों, आणि त्यासहि प्रमाणच समजतों.

नांव आणि वस्तु यांची गांठ कशी मारावी याचा एक कडक धडा प्राणिशास्त्रज्ञांनीं याच आंबोलींत घालून दिला आहे. पहिल्या पावसांत येथील सड्यांवर खडकांतील उथळ डबक्यांशीं एक लहान भेक मोठ्या संख्येनें जमतो. विणीच्या दिवसांत नर पिवळे होतात आणि अंगावरच्या काळ्या खुणांमुळें वाघासारखे दिसतात. बिजू व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्यास झँथोफ्रायने टायगेरिना असें नांव दिलें. तो आंबोलीच्या परिसराबाहेर आढळत नाहीं म्हटलें तरी चालेल, आणि नष्ट होण्याचा धोका अत्यंत असलेल्या प्राण्यांत त्याची गणना आहे. पाण्यावर झुकलेल्या फांदीस फेसाचें घरटें लटकविणारा मलबारी उडता बेडूक, पानांच्या रंगांत दडून बसणारा चापडा साप, हेहि मीं पाहिले. त्यांचें वर्णन जाणत्यांनीं करावें.

माझा विषय मासा. हिरण्यकेशीच्या कुंडांत तळाशीं, दगडांच्या आडोशानें राहणारा हा करंगळीएवढा प्राणी गांवांत 'देवाचा मासा' म्हणून ओळखिला जातो. प्रवीणराज, तेजस ठाकरे व बालसुब्रह्मण्यम् यांनीं २०२० सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें आणि त्यास शिस्टुरा हिरण्यकेशी असें नांव दिलें. हें नांव देण्याची रीत पोथ्यांच्या संग्राहकांनीं समजून घेण्यासारखी आहे. नुसतें नांव ठेवून भागत नाहीं. ज्या एका नमुन्यावरून वर्णन केलें तो नमुना ठरवून, त्यास क्रमांक देऊन, संग्रहालयांत कायम ठेवावा लागतो. वर्णन छापून प्रसिद्ध करावें लागतें. कोठें, केव्हां, कोणीं धरला तें लिहावें लागतें. आणि जवळच्या जातींहून हा निराळा कसा हें मोजून दाखवावें लागतें. पुढें कोणास शंका आली तर तो त्या नमुन्याकडे जातो. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ती आदर्श प्रत. हिरण्यकेशी या नांवाच्या चार धन्यांपैकीं जन्मपत्रिका असलेला हा एकच. जैवविविधता कायद्याखालीं महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं उगमाची २.११ हेक्टर जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली ती या माशामुळें. कायदा येण्यापूर्वीं त्यास कोणीं राखिलें, तें त्याच्या गांवठी नांवांत आहे.

आतां पोथीची हकीकत. हिरण्यकेशीची चौकशी करणारे एक म्हातारे मास्तर आले आहेत ही बातमी फिरली, आणि सहाव्या दिवशीं घाटमाथ्यावरील एका वाडींतून निरोप आला कीं आमच्या घरीं नदीची पोथी आहे, पाहावयास यावें. मालकाची संमति नसल्यामुळें घराचा ठावठिकाणा देत नाहीं. माहात्म्य हातीं येणार, त्यांत नांवाची कथा मिळणार, आणि कदाचित् शकहि मिळणार, अशा आशेनें मी कोसळत्या पावसांत तेथें गेलों.

पोथी चुलीवरच्या माळ्यावर होती. माळ्यास वर्षानुवर्षें धूर लागून लाकूड काळें झालें होतें, आणि तिला वांचविलें तें त्याच धुरानें. खालच्या कपाटांत असती तर दोन पावसाळ्यांतच कसर व बुरशी लागती. लाल फडकें सोडलें, दोन फळ्यांमधून पोथी निघाली. वरच्या फळीवर कोणीं तरी पूर्वीं मोठ्या अक्षरांत 'हिरण्यकेशी' असें लिहिलें होतें. श्रावणांत दर सोमवारीं तिच्यावर फूल वाहतात. एक वाळलेलें फूल फडक्यांतच होतें. घरच्या तीन पिढ्यांत ती कोणीं वाचलेली नव्हती.

पहिलें पान हातीं घेतलें. गणेशास नमन, आणि लागलीच उपनयनाचा प्रारंभ. समासांत 'हि. गृ.' अशीं अक्षरें. भारद्वाजाचें गृह्यसूत्रहि उपनयनानेंच सुरू होतें. म्हणून पुढचीं दोन-तीन पानें नीट वाचलीं, मग शंका उरली नाहीं. हें नदीचें माहात्म्य नव्हे. हें माझेंच सूत्र, सत्याषाढ हिरण्यकेशीचें गृह्य, ज्याच्या विधीनें माझी मुंज लागली तें. फळीवरच्या नांवास भुलून त्या घरानें नदीची म्हणून ती पुजिली होती. तीन दिवसांपूर्वीं व्याकरणानें जो भेद मीं मोठ्या समाधानानें सिद्ध केला होता, त्याच्या अभावामुळेंच ही पोथी शिल्लक राहिली होती.

पुष्पिका शेवटच्या पानावर असावयाची. परंतु शेवटचीं चार पानें ओलीनें एकमेकांस चिकटून त्यांची वडी झाली होती. लेखक शेवटीं पोथीच्या तोंडून विनवितात कीं तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बंधनापासून मला राख. त्यांतील दुसरी विनंती येथें निष्फळ झाली होती. लेखकाचें नांव, गांव, शक, जें कांहीं असेल तें त्या वडीच्या आंत. नखानें एक कड उचलून पाहण्याचा मोह मला किती झाला हें संग्राहकांसच कळेल. कड उचलली असती तर अक्षरें दुसऱ्या पानाबरोबर गेलीं असतीं. मीं हात आंवरला. पानांची मोजदाद, लांबीरुंदी, ओळींची संख्या उतरून घेतली, आणि मालकांस सांगितलें कीं ही पोथी देशावरच्या कोरड्या हवेंत नेऊन, जाणत्या हातानें तीं पानें विलग करतां येतील. एखाद्या संग्रहास ती द्यावी, नाहीं तर निदान त्या कामापुरती उसनी द्यावी. आणि ती नदीची नसून सूत्राची आहे हेंहि सांगितलें. तें न सांगतां मागणें मला प्रशस्त वाटेना.

मालक वयानें माझ्याएवढेच. थोडा वेळ ते फळीकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मास्तरांनू, ही न्हंयची पोथी न्हय?" मीं म्हटलें, नव्हे. पुन्हां कांहीं वेळ गेला. बाहेर पन्हळींतून पाणी धो धो पडत होतें. "न्हंयची नाय तर नाय," ते म्हणाले, "नाव तर तिचाच आसा मा?"

यास व्याकरणाचें उत्तर माझ्याजवळ तयार होतें. मीं दिलें नाहीं. त्यांनीं फळ्या बांधल्या, फडकें गुंडाळलें, आणि पोथी पुन्हां माळ्यावर नेऊन ठेविली. पाऊस उणावल्यावर, मार्गशीर्षांत, हवा कोरडी झाली म्हणजे पुन्हां या, तोंवर विचार करूं, असें त्यांनीं निघतांना सांगितलें आहे. शेवटचीं चार पानें तूर्त तशींच आहेत.